लिस्बनच्या दोरीवरचे टॉवेल

लिस्बनच्या कॅथेड्रलसमोर 28 नंबरची ट्राम जिथे वळण घेते, त्या कोपऱ्यावर सकाळी दहाच्या सुमाराला उभं राहिलं तर ट्रामपेक्षा कॅमेरेच जास्त दिसतात. पिवळी, ठेंगणी, एका डब्याची ट्राम, मागे बाराव्या शतकात बांधायला घेतलेल्या कॅथेड्रलचे दोन बुरूज आणि खाली चकाकणारे रूळ. तो फोटो मीही काढला. छान आला. कुणाचाही छानच येतो. रात्री इंटरनेटवर सहज शोधलं तर तोच फोटो ढिगाने पडलेला. डब्यावर रंगवलेला क्रमांक तेवढा वेगळा.

नोकरीमुळे या गावात राहायला आले तेव्हा रस्त्यावरचे फोटो काढायची सवय आधीपासूनच होती. आम्ही सावंतवाडीचे. सुट्टी मिळाली की पणजी गाठायची आणि तिथल्या फोंताइन्हास या जुन्या पोर्तुगीज वस्तीच्या गल्ल्यांमधून हिंडायचं, हा कॉलेजपासूनचा उद्योग. तिथे आता घरांवर 'फोटो काढू नका' अशा पाट्या लागल्या आहेत, आणि लग्नाआधीच्या फोटोशूटवाल्यांनी तिथे काय उच्छाद मांडलाय ते पाहिल्यावर पाट्या लावणाऱ्यांना दोष द्यावासा वाटत नाही. लिस्बनमध्ये अल्फामा या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांमधून पहिल्यांदा फिरले तेव्हा त्या पाट्या डोक्यात होत्याच. तसेच अरुंद जिने, तशाच रंगवलेल्या भिंती, खिडकीखाली दोरी आणि दोरीवर कपडे. आणि तशीच माणसं, येणाऱ्याजाणाऱ्याच्या मोबाइलला कंटाळलेली.

आधी कॅमेऱ्याचं सांगते, कारण विचारणारे पहिल्यांदा तेच विचारतात. माझ्याकडे एक छोटा फुजी आहे. लेन्स बदलता येत नाही, झूम नाही, फुल फ्रेमच्या हिशोबात 35 मिलिमीटरची, म्हणजे थोडी रुंद नजर. शटरचा आवाज जवळजवळ येतच नाही. रस्त्यावर ऑटोफोकसच्या भरवशावर राहिलं तर माणूस निघून जातो आणि फोकस मागच्या भिंतीवर बसतो. म्हणून छिद्र एफ 8 वर आणि फोकस हाताने अडीच मीटरवर लावून ठेवायचा. एवढं केलं की साधारण दीड मीटरपासून दहा मीटरपर्यंतचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागापेक्षा संथ होऊ द्यायचं नाही, आयएसओचं, म्हणजे उजेडाला किती संवेदनशील राहायचं याचं, कॅमेरा बघून घेतो. यानंतर हातात उरतं ते फक्त अंतर. अडीच मीटर म्हणजे किती, हे डोळ्यांत बसेपर्यंत मी ट्रामच्या थांब्यावर उभी राहून समोरच्या खांबाची अंतरं मनात मोजत असे. लोकांना काय वाटत असेल ते असो.

मग उजेड. लिस्बनच्या उजेडाबद्दल लोक फार भावुक होऊन बोलतात, पण त्यात कारागिरीचाही भाग आहे. 1 नोव्हेंबर 1755 च्या भूकंपात, त्यानंतरच्या लाटांत आणि आगीत शहराचा मधला सखल भाग, बायशा, जमीनदोस्त झाला. तेव्हाचा मंत्री मार्केस द पोंबाल याच्या देखरेखीखाली तो नव्याने बांधला तेव्हा रस्ते काटकोनात आखले. मुख्य रस्ते नदीकडून आत, जवळपास दक्षिणोत्तर जातात. फोटो काढणाऱ्याला याचा अर्थ सरळ आहे: सकाळी रस्त्याची एक बाजू पूर्ण सावलीत, दुपारनंतर दुसरी, आणि मधे थोडा वेळ ऊन रस्त्याच्या लांबीने वाहतं. डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारीसुद्धा सूर्य जेमतेम अठ्ठावीस अंशांपर्यंत चढतो. बायशातल्या रुआ आउगुश्ता या रस्त्यावर रोसिऊ चौकाच्या टोकाला उभं राहून नदीच्या दिशेने कॅमेरा धरला की येणारा प्रत्येक माणूस कडेने उजळलेला, पुढून काळा, आणि त्याची सावली तुमच्या पायांपर्यंत पोचलेली. जूनमध्ये त्याच जागी भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि सावल्या आखडून बुटांखाली जातात. उन्हाळ्यात मी बायशाच्या वाटेला जात नाही.

पायाखालचा दगडही त्या उजेडाला हातभार लावतो. इथले फुटपाथ म्हणजे मुठीत मावतील अशा चुनखडीच्या चौकोनी तुकड्यांचं जडावकाम, त्याला कल्सादा म्हणतात. पांढरा दगड मुख्य आणि काळ्याची नक्षी. रोसिऊ चौकातल्या काळ्या-पांढऱ्या लाटा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर घातल्या गेल्या. शतकभर पाय घासून दगड इतके गुळगुळीत होतात की उजेड खालून वर उसळतो आणि हॅटखालचे, टोपीखालचे चेहरेसुद्धा भरून येतात. कॅमेऱ्याचं मीटर मात्र या पांढऱ्याला बिचकतं आणि माणसं काळपट करून ठेवतं. मी सावलीच्या बाजूला दोन तृतीयांश स्टॉप (उजेड कमीजास्त करायचं माप) वर जाते आणि उन्हाच्या बाजूला तेवढीच खाली. पाऊस पडला की हेच दगड साबण लावल्यासारखे होतात. चामड्याच्या तळाचे बूट घालून लिस्बनच्या उतारावर कुणी जाऊ नये.

हे दगड बसवणाऱ्या कारागिरांचे फोटो मला ट्रामपेक्षा कितीतरी जास्त आवडतात. बुटक्या स्टुलावर किंवा सरळ गुडघ्यांवर बसलेला माणूस, डाव्या तळहातात दगड, उजव्या हातात छोटी हातोडी. दगड हातातल्या हातात फिरवायचा, टक्, अजून थोडा फिरवायचा, टक्, एक कपची उडते, आणि तो तुकडा शेजारच्या फटीत बरोबर बसतो. बसला नाही तर ठोकून बसवत नाहीत, पुन्हा हातात घेतात. लिस्बनच्या पालिकेने या कामाची शाळा 1986 मध्ये सुरू केली, कारण काम येणारी माणसं कमी होत चालली होती. ग्रासाच्या चढावर एका टोळीजवळ मी बराच वेळ उभी होते. त्यातला वयस्क होता तो शेवटी म्हणाला, "ताई, फोटो काढा, पण आमच्या उन्हात उभ्या राहू नका." मी हलले. तिथून कोन जास्त चांगला मिळाला.

(त्याने अर्थातच पोर्तुगीजमध्ये 'सेन्योरा' म्हटलं. पण सूर 'ताई'चाच होता.)

अल्फामा मात्र वेगळं प्रकरण आहे. भूकंपातून हा डोंगरउतार बराचसा वाचला, त्यामुळे इथे काटकोन नाहीत. गल्ली म्हणून शिरावं तर ती जिना होते, जिना म्हणून चढावं तर तो कुणाच्या तरी दारात संपतो. ऊन एखाद्या कोपऱ्यावर वीसेक मिनिटं टिकतं आणि सरकतं. इथे फिरत राहून फोटो मिळत नाहीत. भिंत निवडायची, ऊन कुठे पडणार त्याचा अंदाज बांधायचा आणि गळ टाकून बसायचं. मासा येतो किंवा येत नाही. बेकु दू मेशियशमध्ये सार्वजनिक धुणं धुण्याची जागा अजून आहे, दगडी हौद आणि वाहतं पाणी. तिच्या आसपास मी सुरुवातीला घुटमळायचे. तिथून जवळच एक आजी दारात छोटं टेबल मांडून जिंजिन्या विकतात. आंबट चेरीची गोड दारू, औषधाच्या मापाएवढ्या पेल्यात.

मी कॅमेरा उचलून "पोसु?" म्हणजे 'चालेल का' असं विचारलं. आजींनी बाटलीकडे बोट दाखवलं. आधी एक पेला घे, मग बघू. घेतला. मग त्या एप्रन सारखा करून, हनुवटी वर उचलून, आधारकार्डाला बसतात तशा बसल्या. दोन फोटो काढले, दाखवले, त्या खूश झाल्या. मी तिथेच पायरीवर बसून राहिले. थोड्या वेळाने समोरच्या घराच्या दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी काहीतरी म्हणालं आणि आजी बाटली हातात तशीच धरून वर बघत कडाडल्या. मान मागे, दुसरा हात कमरेवर, तोंडातला एकुलता सोन्याचा दात उन्हात. डोक्यावर दोरी, दोरीवर कपडे. तो फोटो मिळाला.

पुढच्या खेपेला त्याची प्रिंट घेऊन गेले. पोस्टकार्डाएवढी, कोपऱ्यावरच्या दुकानातून काढलेली. आजींनी चष्मा लावला, स्वतःकडे पाहिलंच नाही. बोट थेट दोरीवर. "हे आमचे नव्हेत."

मी नीट पाहिलं. दोरीवर सात-आठ पांढरे टॉवेल होते. सगळे एका मापाचे, एका घडीचे, एकाच जातीच्या चिमट्यांनी लावलेले. शेजारी दोन पांढऱ्या चादरी, उशांचे चार अभ्रे. आजी राहतात त्या घराचे वरचे दोन्ही मजले आता पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने जातात. दाराशेजारी लावलेली 'एएल' ही दोन अक्षरांची पाटी त्याचीच. खाली आजी. आजींच्या दोरीवर काय असतं? निळ्या चौकडीचा एप्रन, काळे मोजे, फुटबॉल संघाचा विटका लाल शर्ट (नातवाचा), कडा उसवलेला टेबलक्लॉथ, आणि आतले कपडे मागच्या दोरीवर, रस्त्यावरून दिसणार नाहीत असे. त्यांना ते टॉवेल फोटोत असणं म्हणजे दुसऱ्याची लक्तरं आपल्या दारात वाळत घातल्यासारखं वाटत होतं.

तिथून पुढे मी दोऱ्या वाचायला लागले. अल्फामाचा 'वाळत घातलेल्या कपड्यांचा' फोटो पर्यटनाच्या प्रत्येक पत्रकावर असतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की वा, काय जिवंत वस्ती. जवळ जाऊन बघितलं तर कित्येक दोऱ्यांवर फक्त पांढरं. एका सकाळी वरून खाली उतरताना मी गल्लीगल्लीत रंगीत दोऱ्या शोधत आले, आणि काही गल्ल्यांत एकही दिसली नाही. कॅमेऱ्याने घेतलेला माझा सगळ्यात उपयोगी फोटो बहुतेक याच सकाळचा आहे. फोटो म्हणून तो साधारण आहे. एक बोळ, तीन दोऱ्या, तिन्हींवर टॉवेल, खाली चाकांची बॅग खडखडत ओढणारी दोन माणसं. पूर्वी मी अशा बॅगा चौकटीबाहेर जाईपर्यंत थांबत असे. जुन्या शहराच्या फोटोत त्या नकोत, असा एक अलिखित नियम सगळेच पाळतात. आता मी बॅगेची वाट बघते.

माणसांच्या परवानगीबद्दल वाद खूप होतात, म्हणून कायद्याचं थोडक्यात. पोर्तुगालच्या 1966 च्या दिवाणी संहितेचं 79 वं कलम म्हणतं की माणसाचं चित्र त्याच्या संमतीशिवाय प्रदर्शित करता, छापता किंवा विकता येत नाही. अपवाद आहेत, आणि त्यातला एक म्हणजे सार्वजनिक जागेच्या दृश्यात माणूस ओघाने आलेला असणं. पण अपवादातही त्याच्या अब्रूला धक्का लागता कामा नये. म्हणजे रोसिऊच्या गर्दीतला माणूस चालेल, त्याच गर्दीतून एकट्याचा चेहरा उचलून पोस्टर केलं तर नाही. माझा स्वतःचा नियम याहून साधा आहे. दारात, खिडकीत किंवा दुकानात असलेल्या माणसाला विचारायचं. चालत्या माणसाला विचारत नाही, पण त्याने पाहिलं तर कॅमेरा खाली घेऊन हसायचं, आणि 'पूस' म्हणाला तर त्याच्यासमोर पुसायचं. फैरा दा लाद्रा या जुन्या बाजारात, जो मंगळवारी आणि शनिवारी सांता क्लाराच्या मैदानात भरतो, तिथे तर आधी काहीतरी विकत घेतल्याशिवाय कॅमेरा काढूच नये. तिथल्या विक्रेत्यांना फुकटे फोटोवाले अजिबात खपत नाहीत.

अल्फामाच्या पलीकडे, किल्ल्याच्या दुसऱ्या उतारावर मोरारिया. इथे कामिला वॉटसन या ब्रिटिश फोटोग्राफरने मोहल्ल्यातल्या वृद्धांचे फोटो थेट गल्लीच्या भिंतींवर छापले आहेत. बेकु दश फारिन्यशमध्ये शिरलं की ते चेहरे दिसतात. माणसं जिथे वावरली त्याच भिंतीवर, ऊनपाऊस खात. चौकटीतून, काचेतून बाहेर काढलेला फोटो असा भिंतीसारखाच पोपडे धरत जुना होतो, हे मला फार पटलं.

उतार संपतो तिथे रुआ दु बेनफोर्मोझु. या रस्त्यावर मी पोर्तुगीज वापरतच नाही. बांगलादेशी किराणा, नेपाळी मोमो, पंजाबी न्हावी, मोबाइल दुरुस्ती. कढीपत्ता, चिंच, पापड सगळं मिळतं, आणि बोलणं हिंदीत. पहिल्यांदा कॅमेरा काढला तेव्हा एका दुकानदाराने विचारलं, "फोटो किसलिए?" मी सांगितलं, रस्त्याचे काढते, छंद आहे. तो म्हणाला, दुकानाचा काढा, हाताचा काढा, चेहरा नको. कागदपत्रं अजून व्हायची आहेत. वर कुठून आलीस विचारलं, चहा पाजला, आणि पुन्हा बजावलं, चेहरा नको.

त्याच्या धास्तीला कारण होतं. 19 डिसेंबर 2024 ला पोलिसांनी याच रस्त्यावर मोठी कारवाई केली आणि डझनावारी माणसांना भिंतीकडे तोंड करून, हात वर टेकवून रांगेने उभं केलं. त्याचे फोटो देशभर फिरले. त्यावर इतका गदारोळ उठला की जानेवारीत हजारो लोक 'आम्हाला भिंतीला लावू नका' अशी घोषणा घेऊन लिस्बनच्या रस्त्यांवर उतरले. अलीकडच्या काळात या शहरातलं रस्त्यावरचं कुठलं चित्र लोकांच्या लक्षात राहिलं असेल, तर ते हे. पाठमोरी माणसं, चेहरे नाहीत, तरी त्यातल्या प्रत्येकाला आपण ओळखू येऊ अशी भीती.

मग या रस्त्याचे फोटो कसे काढायचे? मी हातांवर आले. वजनकाट्यावर भेंडी टाकणारा हात, न्हाव्याचा वस्तरा धरलेला हात, शुक्रवारी नमाजाला जाताना शटर ओढणारे हात, पार्सलच्या चौकोनी पिशव्या सायकलला बांधणारे हात. पाठी, सावल्या, काचेत उमटलेलं अर्धं अंग. कलेच्या दृष्टीने चेहऱ्यावाचून फोटो काढणं ही चांगली कसरत आहे, पण मी ती कलेसाठी केली नाही. त्यांनी घातलेल्या अटीत जेवढं बसतं तेवढं काढलं. दुकानदाराला प्रिंट दिली तेव्हा त्याने ती गल्ल्याच्या मागे लावली. काट्यावरची भेंडी आणि त्याचं मनगट. गिऱ्हाइकाला सांगतो, हा मी.

या रस्त्याला लागूनच मार्तीं मोनीश चौक आहे, आणि तिथून रुआ दा पाल्मावर पालिकेचं छायाचित्रांचं अभिलेखागार. पावसाच्या दिवसांत मी तिथे जाऊन बसते. जोशुआ बेनोलिएल हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा लिस्बनचा वृत्तछायाचित्रकार, पोर्तुगालमधल्या या पेशाचा आद्यपुरुष. राजेशाही कोसळली ते 1910 चे दिवस त्याने टिपले, आणि मधल्या वेळात मासळीच्या टोपल्या डोक्यावर घेतलेल्या बायका, पाणके, पेपर विकणारी पोरंही. त्या काळातले फोटो बघताना मी राजापेक्षा मागचं दुकान बघते, पाटीवर काय लिहिलंय, माणसांच्या पायात काय आहे. मार्तीं मोनीशचा आजचा मोकळा चौक म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यात पाडलेली खालची मोरारिया. गल्ल्या गेल्या, चर्च गेलं. आता ती वस्ती बघायची तर या खोक्यांतच बघावी लागते, आणि ज्याने 'चित्र खराब होतंय' म्हणून हातगाडी किंवा कचऱ्याची बादली चौकटीतून वगळली असेल त्याच्यावर मला आज चिडायला होतं.

निवड करताना हेच डोक्यात असतं. दर महिन्याला सगळे फोटो छोट्या आकारात छापून जेवणाच्या टेबलावर पसरते आणि नवऱ्याला बोलावते. त्याला फोटोग्राफीत गती नाही, म्हणूनच बोलावते. तो सूर्यास्त उचलतो, मी काढून टाकते. तो म्हणतो हा टॉवेलांचा फोटो कशाला, मी ठेवते. दगडफोड्याचा हात राहतो, बॅगवाले राहतात, भेंडी राहते. ट्रामचा एकच ठेवलाय. त्यात ट्रामचा चालक बाहेर येऊन आडव्या लावलेल्या गाडीच्या मालकाला हाका मारतोय, मागे खोळंबलेल्या ट्राममधून पर्यटक त्याचे फोटो काढताहेत आणि पलीकडच्या फुटपाथवर एक बाई भाजीच्या पिशव्या खाली ठेवून घड्याळ बघते आहे. तिला घरी जायचंय. 28 नंबर तिची रोजची गाडी आहे, पण आत शिरायला जागा नाही.

आजींना तो कडाडतानाचा फोटो अजून मान्य नाही. जून जवळ आलाय. 12 तारखेच्या रात्री संत आंतोनियूच्या उत्सवात सगळी अल्फामा रस्त्यावर येते, दारोदार सार्डिन भाजतात आणि कागदी फूल खोचलेली मांझेरिकुची कुंडी भेट देतात. तुळशीच्याच कुळातलं बारीक पानांचं झुडूप. त्याला नाक लावून हुंगायचं नसतं, तळहात हलकाच फिरवायचा आणि तो हुंगायचा. आजींना त्या कुंडीसोबत नवा फोटो हवाय. एप्रन नवा घालणार, दात दाखवणार नाहीत. आणि टॉवेल नकोत. वरच्या मजल्यांची साफसफाई करणाऱ्या नेपाळी मुलीला त्यांनी आत्तापासूनच बजावून ठेवलंय, बारा तारखेला संध्याकाळी सहाच्या आत दोरी रिकामी पाहिजे.